सुकतीला अडकलेला तांडेल

मार्च २०२३ मध्ये माझी कादंबरी ११८ पानांवर थांबली. आधीच्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात लिहायला घेतली होती. रोज ऑफिसमधून आल्यावर स्वयंपाक आटोपून रात्री दोन तास, असं सात महिने चाललं आणि मग भिवा तांडेल जागचा हलेना. भिवा म्हणजे माझा नायक. आंग्र्यांच्या आरमारातला तांडेल, म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या, जो पुढे चाचा (समुद्री लुटारू) होतो. मला त्याचा शेवट माहीत होता, सुरुवात माहीत होती, मधलं काही केल्या जुळत नव्हतं. वही कपाटात ठेवली आणि महिनाभर त्या कपाटाकडे बघायचंही टाळलं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आज त्याच जागी असेल, तर त्याच्यासाठी हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी अडचणी काय होत्या ते सांगते. पहिली, १७५६ च्या फेब्रुवारीत आंग्र्यांचा विजयदुर्ग किल्ला पडतो त्या रात्री भिवा निसटतो, पण तो प्रसंग कितीही वेळा लिहिला तरी खोटा वाटायचा. दुसरी, चांगला तांडेल चाचा का होतो, याला माझ्याकडे ‘सूड’ या एका शब्दापलीकडे उत्तर नव्हतं. तिसरी, त्याने लुटलेल्या मालाचं पुढे काय होतं हे मी लिहिलंच नव्हतं. पेटी उघडली, सोनं चमकलं, प्रकरण संपलं. आज ती पानं वाचताना कळतं की तो चाचा मी दुसऱ्याच कुठल्या समुद्रावरून उचलून आणला होता. पुरलेला खजिना, निर्जन बेट, काळं निशाण यातलं काहीही देवगड-मालवणच्या किनाऱ्याला चिकटत नव्हतं.

एप्रिलमध्ये एका मैत्रिणीने सुचवलं, सोनंच हवं तर काळ बदल. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटलं होतं. मक्केहून सुरतेला परतणारे यात्रेकरू आणि व्यापारी त्यावर होते, आणि त्या जहाजात खरोखरच अमाप सोनं-चांदी होतं. त्याची झळ सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांना बसली, त्यांना मोगलांनी कैदेत टाकलं. दोन आठवडे मी त्या दिशेने लिहून पाहिलं आणि सोडून दिलं. एव्हरी आला, लुटून निघून गेला. त्याला इथे घर नव्हतं, देणं नव्हतं, त्याची वाट पाहणारं कोणी नव्हतं. माझा भिवा इथलाच होता, त्याला जायला दुसरा देश नव्हता. ती २२ पानं फुकट गेली असं तेव्हा वाटलं. पण इथलाच असणं ही भिवाची खरी अडचण आहे, हे तिथेच पहिल्यांदा लक्षात आलं.

मे महिन्यात आंब्याच्या निमित्ताने देवगड तालुक्यात मामांकडे गेले. मामांचं वय ७९. चाळीस वर्षं मासेमारी केली, आता होडी मुलाच्या नावावर आहे. संध्याकाळी पडवीत बसून त्यांना निसटण्याचा प्रसंग वाचून दाखवला. रात्री साडेअकराला किर्र काळोखात भिवा गलबत घेऊन वाघोटणच्या खाडीतून वर खारेपाटणकडे पळतो, असं लिहिलं होतं. मामांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “तिथ खंयची?”

मला तिथ माहीत नव्हती. इंग्रजी तारीख माहीत होती. १२ फेब्रुवारी १७५६ ला इंग्रज आरमारप्रमुख वॉटसनच्या जहाजांनी समुद्राकडून तोफा डागल्या. आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या एका इंग्रजी जहाजावर गोळा पडून आग लागली, आणि एकमेकांना बांधून ठेवलेलं सगळं आरमार जळालं. त्या रात्री क्लाइव्हची फौज जमिनीवर उतरली आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. इतकं पाठ होतं, पण पंचांग उघडून पाहायचं सुचलं नव्हतं.

मामांच्या नातवाने फोनवर जुनं पंचांग शोधून दिलं. माघ शुद्धातली द्वादशी-त्रयोदशी निघाली. मामांनी बोटांवर मोजलं. “बारा तिथीचे पाऊणपट किती? नऊ. म्हणजे नवाक भरती. साडेअकराक पाणी भायर जाता, आणि तुझो तांडेल आत वल्हवता? चाळीस माणसांचे हात तुटतले गो. आणि चांदणा? ता खंय लपयतलंस?”

ज्यांना हा हिशेब माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्या किनाऱ्यावर तिथीला तीनने गुणून चाराने भागलं की भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला साधारण अकरा-बारा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि जागेप्रमाणेही फरक पडतो, पण कादंबरीतला प्रसंग तपासायला हे पुरेसं आहे. समुद्रावरचं काहीही लिहीत असाल तर तारखेआधी तिथ काढा. १७५२ नंतरच्या इंग्रजी कागदांतली तारीख थेट जंत्रीत पाहता येते. त्याआधीची असेल तर इंग्रजांचं जुनं कॅलेंडर अकरा दिवस मागे होतं (१७०० पूर्वीच्या तारखांना दहा), ते धरावं लागतं.

त्या रात्री झोप लागली नाही. नऊ महिने ज्या प्रसंगावर कादंबरी उभी होती तो घडूच शकत नव्हता. लख्ख चांदणं, जळणाऱ्या आरमाराचा उजेड आणि उलटं पाणी. पण पहाटे कधीतरी वाटलं, भरती नऊला असेल तर सुकती तीनला. म्हणजे तीननंतर पाणी पुन्हा आत वळणार. आणि द्वादशीचा चंद्र सूर्योदयाच्या दोन-अडीच तास आधी मावळणार. पाणी आत येतंय, चंद्र गेलाय, उजाडायला अवकाश आहे, अशी एक फट त्या रात्रीत होती. भिवाने साडेअकराला निघायचंच नव्हतं. त्याला थांबायला हवं होतं. जळणारी जहाजं पाहत, पाण्याची वाट बघत, पाच तास. ते पाच तास आज कादंबरीतलं सगळ्यात मोठं प्रकरण आहेत.

सकाळी मामांना सांगितलं तर ते फक्त म्हणाले, “आता बरोबर.” थोड्या वेळाने मात्र रागावले, कारण बोलता बोलता मी आंग्र्यांचं आरमार आणि चाचेगिरी एकाच वाक्यात घेतली होती. “आमच्या कान्होजीक चाचो म्हणतंस?”

मी तसं म्हटलं नव्हतं, पण त्यांचा राग मला फार उपयोगी पडला. कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख होते. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी त्यांचं दस्तक घ्यावं, नसेल तर जहाज पकडलं जाईल, हा त्यांचा कायदा होता. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं कार्ताझ नावाचा परवाना देऊन हेच करत होते. इंग्रजांनी दस्तक मानलं नाही, म्हणून त्यांच्या कागदांत कान्होजी ‘पायरेट’ झाले. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची नौका पकडली. तिच्यावर कारवारच्या वखारीच्या प्रमुखाची पत्नी होती, नवरा त्या लढाईत मारला गेला होता. पुढच्या वर्षी ३०,००० रुपये घेऊन तिला सोडलं. आज मुंबईत नौदलाच्या तळाला ‘आय.एन.एस. आंग्रे’ हे नाव आहे. एकाच माणसाची ही दोन नावं मी वर्षानुवर्षं वाचत आले होते, पण ती माझ्या नायकाची गोष्ट आहे हे मामांच्या पडवीत कळलं.

बिनदस्तकाचं जहाज पकडणं हे भिवाचं ११ फेब्रुवारीपर्यंत काम होतं, त्यासाठी त्याला पगार होता. १३ तारखेला किल्ला पडला. १४ तारखेला त्याने तेच जहाज, त्याच पद्धतीने, त्याच माणसांनिशी पकडलं, तर तो दरोडा. सूडाची गरजच उरली नाही. त्याच्यात काहीही न बदलता तो चाचा होतो, कारण ज्याच्या शिक्क्याने तो समुद्रावर जायचा तो धनी कैदेत आहे. आणि त्या धन्याविरुद्ध, म्हणजे तुळाजी आंग्र्यांविरुद्ध, इंग्रजांना बोलावणारे नानासाहेब पेशवे होते, म्हणजे दुसरीकडे दाद मागायलाही जागा नाही. दुसरी अडचण अशी, पहिलीच्या पाठोपाठ सुटली.

मेच्या शेवटी पुण्याला परत आले तेव्हा ठरवलं होतं की मूळ कागद पाहायचे. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्यांदा जाणारा इथेच हबकतो.

१२ जून २०२३ ला एका अभिलेखागारात अर्ज दिला. दोन फोटो, आधारची प्रत, पत्त्याचा पुरावा, कोणते कागद पाहायचे त्याचा तपशील, आणि ‘संशोधनाचे प्रयोजन’ असा रकाना. मी तिथे ‘ऐतिहासिक कादंबरीसाठी’ असं लिहिलं. ३ जुलैला अर्ज परत आला, संस्थेचं शिफारसपत्र जोडा असा शेरा मारून. माझी कुठलीही संस्था नाही, मी विमा कंपनीत कारकून आहे. दोन दिवस अपमान झाल्यासारखं वाटलं, खरं तर कोणी अपमान केला नव्हता. मग जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना जाऊन भेटले. ओळख नव्हती. त्यांनी माझी २० पानं वाचायला मागितली आणि पाच दिवसांनी पत्र दिलं. १० जुलैला पुन्हा अर्ज, ४ ऑगस्टला परवानगी. एकूण ५३ दिवस. आता कोणी विचारलं तर मी सांगते, शिफारसपत्र आधी घ्या, मग अर्ज लिहा, आणि कागदांच्या तपशिलात ‘आंग्रे आरमार’ असं मोघम न लिहिता सालं आणि रुमाल (कागदांची गाठोडी) लिहा.

आत पिशवी नेता येत नव्हती, फक्त पेन्सिल आणि कोरे कागद. मोबाइल बाहेर. प्रत हवी तर वेगळा अर्ज, त्याला आणखी बारा दिवस. कामाचे दिवस सोमवार ते शुक्रवार, म्हणून सहा किरकोळ रजा गेल्या. मला मोडी वाचता येत नाही, तेव्हा निवडक १४ पानं एका मोडी वाचकांकडून लिप्यंतर करून घेतली, पानाला १५० रुपये, एकूण २,१०० रुपये.

आणि त्या कागदांत लढाई नव्हतीच. सुंभ, तेल, तांदूळ, सुतारांची मजुरी. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या खटपटीने मिळालेले कागद, आणि त्यांत किराणा. दुसऱ्या दिवशी तोच किराणा पुन्हा वाचला आणि स्वतःशी हिशेब करायला बसले. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असतात. गलबत म्हणजे उथळ, वल्ह्यांचं, फार तर सत्तर टनांचं, आणि गुराब म्हणजे मोठं, दोन-तीन डोलकाठ्यांचं, तीनशे टनांपर्यंतचं. भिवाकडे एकच गलबत. वल्हेकरी, गोलंदाज, सारंग धरून साठ माणसं. माणशी अर्धा किलो तांदूळ धरला तर दिवसाला तीस किलो. पाणी माणशी तीन-चार लिटर, म्हणजे दिवसाला दोनशे लिटरच्या वर, तेही उन्हात वल्हवणाऱ्यांना. मी त्याला सलग बावीस दिवस समुद्रावर ठेवलं होतं! साडेचार हजार लिटर पाणी त्या गलबतात मावलं असतं तर माणसं कुठे बसली असती?

म्हणजे दर तीन-चार दिवसांनी भिवाला कुठल्यातरी विहिरीवर जायलाच हवं. विहीर कोणाची तरी असते. तिथे बायका पाण्याला येतात, त्या बघतात, घरी जाऊन बोलतात. तिथून पुढे माझी पद्धतच बदलली. प्रत्येक प्रकरणाच्या वर मी एक प्रश्न लिहायला लागले: आज याला जमिनीवर कोणाची गरज आहे? पाणी, तांदूळ, शिडाचं कापड, गळती बुजवायला सुतार, जखम बांधायला वैदू. चाच्याच्या गोष्टीत समुद्रावर जे अडतं ते सोडवणारं माणूस किनाऱ्यावर असतं, आणि ते माणूस सापडलं की कथानक आपोआप चालू लागतं. माझ्यापुरता हा अनुभव पुढे प्रत्येक वेळी खरा ठरला.

एक सूचना राहिली. अभिलेखागारात जाण्याआधी छापील साधनं संपवा. रियासतकार सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत देवनागरीत छापून झाले आहेत, मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. झाडं तोडताना आंबा-फणसाला हात लावू नये, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हे सगळ्यांना माहीत असलेलं त्याच प्रकरणात आहे. पावसाळ्यासाठी आरमाराची छावणी कशी करावी हेही तिथे आहे, आणि माझी पुढची गाठ नेमकी त्या छावणीने घातली.

भिवाचा शेवटचा पाठलाग मी आषाढात लिहिला होता. पाऊस, वीज, उसळता समुद्र, लिहायला फार रंगलं होतं. पण जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत आपला समुद्र बंद. आज सरकारी मासेमारी बंदीही १ जून ते ३१ जुलै असते. शिडाच्या काळात तर आरमारंसुद्धा आषाढात खाडीत विसावायची. इंग्रजांचं, आंग्र्यांचं, सगळ्यांचंच. तो पाठलाग मी काढून टाकला. ३१ पानं. दुःख झालं, पण तोवर काढून टाकण्याची सवय झाली होती.

प्रश्न मात्र उरला, तो मामींनी फोनवर विचारला. “पावसात होडी खंय ठेवतलो तो?” आरमाराला किल्ल्याच्या तोफांखाली छावणी मिळते, चाच्याला कोण देणार? गलबत ओढून वर घ्यायला पन्नास-साठ माणसं लागतात, ते शाकारायला शेकडो झाप, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्या लागतात, आणि एकदा वर घेतलं की तीन महिने ते लपवता येत नाही. सगळ्या वाडीला माहीत असणार. म्हणजे वाडीने ठरवून गप्प राहायला हवं. तीन महिने एक वाडी गप्प का राहील? इथे साळू आली. भिवाची थोरली बहीण, विधवा, सुंभ वळून पोट भरणारी. आधीच्या खर्ड्यात ती दोन ओळींपुरती होती, आता अर्धी कादंबरी तिची आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विजयदुर्गला गेले. तारीख मुद्दाम धरली होती. २० तारखेची रात्र म्हणजे माघ शुद्ध द्वादशी, भिवाचीच तिथ. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. प्रवास, दोन रात्रींचं राहणं आणि होडी मिळून ४,३५० रुपये खर्च आला. होडी मामांच्या ओळखीच्या खलाशाची. रात्री खाडीत जायचं म्हणून आदल्या संध्याकाळी सागरी पोलिसांच्या चौकीत नावं, आधारच्या प्रती आणि परतीची वेळ लिहून दिली. पंधरा मिनिटांचं काम, पण ते केल्याशिवाय जाऊ नका. लाइफ जॅकेट घालाच, आणि बॅटरीवर लाल कागद लावा, नाहीतर एकदा पेटवली की पुढची वीस मिनिटं काळोखात काही दिसत नाही.

तीनला धक्क्यावर होतो. पाणी खाली गेलेलं, चिखलाचा वास, किल्ल्याची तटबंदी चांदण्यात स्पष्ट. दगड मोजता येतील इतकी स्पष्ट. भिवा कुठेही लपू शकला नसता. साडेतीनच्या सुमाराला होडी नांगराभोवती हळूच फिरली आणि तिचं तोंड समुद्राकडे झालं. खलाशी म्हणाले, “पाणी वळला.” इंजिन बंद ठेवून दोघं वल्ही मारायला बसले. पावणेपाचच्या आत चंद्र किल्ल्यामागे समुद्रात गेला आणि मग जो काळोख झाला त्याची मला कल्पनाच नव्हती. शेजारी बसलेला माणूस दिसेना.

आणि वल्हं पाण्यात पडलं की तिथे निळसर उजेड उमटत होता. थंडीच्या दिवसांत कोकणच्या पाण्यात सूक्ष्म जीवांमुळे अशी चमक दिसते, ऐकून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिली ती अशी. प्रत्येक वल्ह्याला एक ठिणगी. चाळीस वल्ही म्हणजे गलबताच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन ओळी. ज्या काळोखासाठी भिवा पाच तास थांबला तोच काळोख त्याला दाखवून देणार. मी त्या होडीत थरथरत होते, गारव्याने की आनंदाने ते आजही सांगता येणार नाही. वल्ह्यांचा चरचर आवाज पाण्यावरून किती लांब जातो तेही तिथेच कळलं. किनाऱ्यावरच्या घरातलं कोणी खोकलं ते आम्हाला ऐकू आलं. मग आमचा आवाजही त्यांना जाणारच. भिवाची माणसं आता वल्ह्यांना चिंध्या बांधतात आणि कांदळवन आलं की वल्ही उचलून नुसत्या भरतीवर वाहत जातात.

खारेपाटण तिथून खाडीने सुमारे चाळीस किलोमीटर. गलबत वल्ह्यांवर तासाला चार मैल जातं, म्हणजे साडेसहा किलोमीटर. पावणेसहाला फटफटतं. तासाभरात भरतीच्या मदतीनेही दहा किलोमीटरच्या पुढे जाणं कठीण. मग दिवस कुठे काढायचा? कांदळवनात, तिवरांच्या आत, आणि दोन्ही काठांवर कोणाची फौज फिरते आहे ते माहीत नसताना. ते प्रकरण पुण्यात बसून मला कधीच सुचलं नसतं.

उरला माल. २०२४ चा पावसाळाभर मी त्यावर बसले. किनाऱ्याने जाणाऱ्या तरांड्यांत बहुतेक तांदूळ, नारळ, काथ्या, मीठ, खजूर, मिरी, कापड. सोन्याची पेटी काढून टाकली आणि भिवाच्या हाती मिरीची पोती दिली. मिरी भिजली तर गेली, साठवायला कोरडी जागा हवी, आणि विकायला असा सावकार हवा जो पोत्यावरची खूण बघून न बघितल्यासारखं करेल. असा सावकार भाव पाडणार. किती? अर्धा? तिसरा हिस्सा? मी तिसरा हिस्सा धरला, आणि साठ माणसांत वाटल्यावर भिवाच्या लक्षात आलं की आंग्र्यांच्या पगारात यापेक्षा जास्त मिळायचं. त्याची माणसं तिथून फुटायला लागतात. मला वेगळा फितूर घडवावा लागला नाही.

शेवट इतिहासाने दिला. ऑक्टोबर १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांच्यात पुण्याला तह झाला, विजयदुर्ग मराठ्यांकडे द्यायचा आणि बाणकोट इंग्रजांकडे राहायचं असं ठरलं. पुढे विजयदुर्गचं पेशव्यांचं आरमार धुळप घराण्याने नावारूपाला आणलं. म्हणजे फेब्रुवारी ते ऑक्टोबर एवढाच काळ असा, की भिवाला समुद्रावर कोणाचाच शिक्का नव्हता. मधले तीन महिने पाऊस. सगळी कादंबरी त्या आठ महिन्यांत बसली. शेवटी त्याच्यासमोर नवं दस्तक येतं, ज्यांनी त्याचा धनी बुडवला त्यांच्याच शिक्क्याचं. तो काय करतो ते इथे सांगत नाही.

१९ जानेवारी २०२५ ला शेवटचं पान लिहून झालं. २८६ पानं. ठेवलेल्या पानांपेक्षा काढून टाकलेली थोडी जास्तच असतील. फेब्रुवारीत कॉपीराइट नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरला. साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क, लगेच डायरी क्रमांक मिळतो, त्यानंतर कोणाचा आक्षेप येतो का यासाठी ३० दिवस सक्तीने थांबावं लागतं आणि मग तपासणी. नोंदणी केली नाही तरी लिहिल्या क्षणापासून हक्क आपलाच असतो, पण प्रकाशकांना हस्तलिखित पाठवण्याआधी मला ते करून टाकायचं होतं. तीन प्रकाशकांकडे पाठवलं आहे. अजून कोणाचंच उत्तर नाही.

मार्चमध्ये हस्तलिखिताची एक प्रत घेऊन मामांकडे गेले. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा त्यांची नात रोज संध्याकाळी वाचून दाखवायची आणि मी आतल्या खोलीत कान देऊन बसायचे. निसटण्याचं प्रकरण झालं, ते काही बोलले नाहीत. कांदळवन झालं, मिरी झाली. चौथ्या दिवशी गलबत वर ओढून शाकारण्याचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी नातीला थांबवलं.

“झाप कोणी दिल्यान?”

मी बाहेर आले. लिहिलं होतं फक्त, ‘झाप आणून गलबत शाकारलं.’ मामा म्हणाले, एवढ्या मोठ्या तरांड्याक शेकड्यांनी झाप लागतले, आणि पावसाच्या तोंडावर प्रत्येकाला आपापलं घर शाकारायचं असतं. जो झाप देईल त्याच्या घरात त्या वर्षी गळणार.

त्या रात्री पडवीतल्या दिव्याखाली ते प्रकरण पुन्हा लिहिलं. साळू घरोघर जाते. बहुतेक घरं चार-चार, पाच-पाच झाप देतात. एक म्हातारी आपल्या गोठ्यावरचे काढून देते. एक घर दार उघडत नाही, आणि पावसाळाभर साळू त्या घरावरून जाताना मान खाली घालते.